उशाशी चालू ठेवलेली लाईन

तुबुंगान गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीतल्या त्या वस्तीत कुणाचा पंखा बंद पडला, भाताचा कुकर तापेनासा झाला किंवा रेडिओ खरखरायला लागला, की माणसं ती वस्तू काखोटीला मारून थेट नोंग बेलोच्या अंगणात यायची. कागदोपत्री त्याचं नाव इसाबेलो. पण त्या नावानं त्याला फक्त पाद्रीबाबांनी, तेही लग्नाच्या दिवशी, हाक मारली होती. एरवी लहानथोर सगळ्यांचा तो नोंग, म्हणजे थोरला भाऊ.

बोलण्यात मात्र तो अगदी कच्चा. कुणाच्या घरी मयत झाली तर सांत्वनाला जायचा आणि दोन शब्द बोलायचे सोडून त्या घरचा लुकलुकणारा दिवा नीट करून परत यायचा. सालबिंगशी त्याचं लग्नही असंच जमलं. तिच्या बापाचा रेडिओ दुरुस्त करायला गेला आणि येताना एक तार मुद्दाम ढिली ठेवून आला. चार दिवसांनी पुन्हा बोलावणं आलं. पुन्हा एक तार ढिली. शेवटी म्हातारा कातावला. "या पोराला एक तर रेडिओतलं काही कळत नाही, नाही तर याला माझी पोरगी हवीय. तो रेडिओ घेऊन जा म्हणावं त्याला, कायमचा!"

"मग मलाही त्याच्याबरोबरच द्या," सालबिंग आतून म्हणाली होती.

बाजारात ईबोस विकता विकता, नारळाच्या पानांत वळलेला तो चिकट भात गिऱ्हाइकाच्या हातात देता देता, सालबिंग हा किस्सा रंगवून सांगायची. बेलो शेजारी बसून नुसता कान खाजवायचा. त्याचं प्रेम असं कामातूनच दिसायचं. तिची चप्पल तुटायच्या आधी शिवून ठेवायची, चुलीचा धूर तिच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून भिंतीला झरोका पाडायचा. तोंडानं काही म्हणायचं झालं की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची.

त्या वर्षी उन्हाळा तोंडावर असताना शहरातल्या इस्पितळात सालबिंगचं पोट उघडलं आणि काही न करता तसंच शिवून टाकलं. डॉक्टरीणबाई भली होती. बेलोला बाजूला घेऊन म्हणाली, "घरी न्या. जे आवडतं ते खाऊ घाला. जवळ बसा."

परत येताना जीपनीच्या, त्या लांबट प्रवासी गाडीच्या, बाकावर सालबिंग त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती. मधेच म्हणाली, "यांचं काही खरं नाही बघ. उघडलं आणि तसंच बंद केलं. तू असं केलं असतंस तर गिऱ्हाइकानं तुला कुकर फेकून मारला असता."

बेलो खिडकीबाहेर बघत राहिला. गालावरचं पाणी पुसलं तर तिला कळेल म्हणून त्यानं ते पुसलंही नाही.

त्यांची एकुलती एक लेक मेरिदेल इटलीत, मिलानमध्ये एका म्हाताऱ्या बाईची सेवा करायची. तिथे राहायचे तिचे कागद नव्यानं करायला टाकलेले होते आणि ते हातात येईपर्यंत देश सोडला तर परत पाऊल ठेवता आलं नसतं. आईची औषधं, घरखर्च, सगळं तिनं पाठवलेल्या पैशांवर चालायचं. ती येऊ शकत नव्हती. म्हणून तिनं तिथून खटपट करून घरी इंटरनेटची लाईन घेऊन दिली होती. वस्तीत मोबाईलला रेंज नव्हती. ती यायची खाली रस्त्याच्या वळणावर, चिंचेच्या झाडाजवळ. त्यामुळे राऊटरची ती पांढरी डबी म्हणजे लेकीच्या घरी यायचा एकच दरवाजा.

सालबिंग अंथरुणाला खिळली तेव्हापासून त्यांनी फोन तिच्या उशाशी उभा करून लाईन चालूच ठेवायला सुरुवात केली. इकडे दुपार म्हणजे तिकडे सकाळ. मेरिदेल तिकडे स्वयंपाकघरात भाजी चिरायची, इकडे सालबिंग पडल्या पडल्या बघायची. बोलायलाच हवं असं काही नव्हतं.

"इंदाय, कांदा जाड चिरतेस गं तू अजून," सालबिंग म्हणायची. लेकीला ती इंदाय म्हणायची, मुलीबाळींना त्या भागात म्हणतात तसं; आणि लेक आईला नानय म्हणायची, बापाला तातय.

"यांच्याकडे असाच लागतो, नानय."

"त्यांना काय कळतंय!"

आणि दोघी हसायच्या. बेलो पायरीवर बसून कुणाचा तरी पंखा उलगडत हे ऐकायचा. असं वाटायचं की पोर मागच्या खोलीतच आहे.

एप्रिलमध्ये ऊन चढलं. डोक्यावर पत्रा, खाली बांबूची भिंत. दुपार झाली की घराची भट्टी व्हायची. राऊटर होता पत्र्याच्या अगदी खाली, बाळ येशूच्या फळीवर, मूर्तीच्या बाजूला. त्यावर सालबिंगनं चांगल्या दिवसांत विणलेला क्रोशाचा रुमाल घातलेला. ऐन दुपारी डबीला हात लावला तर चटका बसायचा. मग लाल दिवा लागायचा, सालबिंगच्या समोरचा लेकीचा चेहरा अर्ध्या हसण्यात गोठायचा, आणि लाईन जायची. डबी थंड झाली की परत यायची, पुन्हा जायची.

"तातय, लाईन बघ ना जरा," मेरिदेल रोज म्हणायची. एकदा तर रडकुंडीला येऊन म्हणाली, "नानय बोलत असते आणि मधेच गप्प होते, कळतंय का तुला? दरवेळी मला वाटतं, गेली. तू वस्तीभरच्या वस्तू दुरुस्त करतोस, ही एवढी डबी तुला होत नाही?"

ते बेलोला फार लागलं.

कंपनीचा माणूस आला, जेर्विन नावाचा, हसऱ्या तोंडाचा. त्यानं आधी तो रुमाल उचलला. "नोंग, याला स्वेटर कशाला घातलाय? याच्या अंगाला भोकं आहेत ती श्वास घ्यायला आहेत." डबी फळीवरून काढून त्यानं दाराजवळ, जमिनीपासून हातभर उंचीवर, भिंतीला टेकून उभी केली. "इथे वारा लागतो. फार तापली तर समोर लांब पंखा ठेवा, किंवा थोडा वेळ बंद करा. पण उघडू नका."

बेलोनं डबी उचलून उलटीसुलटी करून बघितली. जेर्विननं पायरीवर पसरलेले पंख्याचे अवयव बघितले आणि पुन्हा म्हणाला, "खरंच सांगतो, नोंग. तुमचा हात चांगला आहे हे मला सगळ्यांनी सांगितलंय, म्हणूनच सांगतो. याच्या चार्जरमध्ये याच्यापुरताच जीव आहे, दुसरं काही जोडू नका. आणि झाकण कापलंत तर आत धूळ जाईल, मुंग्या जातील, पाली जातील. बिघडली तर मी लगेच दुसरी देऊ शकणार नाही. उघडलेली डबी कंपनी बदलून देत नाही."

"कळलं," बेलो म्हणाला.

जागा बदलल्यावर खूप फरक पडला. लाईन जायची ती फक्त दुपारच्या अगदी कडक उन्हात. मग बेलोनं समोर टेबलपंखा लावला, तेव्हा तेही थांबलं. खरं तर तिथेच सगळं मिटलं होतं. पण सालबिंगचा आवाज आता खूप बारीक झाला होता, आणि पंख्याच्या घरघरीत तो लेकीपर्यंत पोचेना.

"काय म्हणालीस, नानय? तातय, तो पंखा बंद कर ना!"

पंखा बंद केला की डबी तापायची. लावला की आवाज बुडायचा. दोन्हीकडून पंचाईत. दुपारी थोडा वेळ लाईन बंद ठेवून डबीला निवू द्यायचं, एवढंच करायला हवं होतं. पण सालबिंगला दुपारीच जरा हुशारी असायची. ती वेळ सोडायची कशी?

बेलोच्या पेटाऱ्यात शाळेनं टाकून दिलेल्या संगणकातला एक छोटा पंखा होता. तळहाताएवढा, अगदी मुका. एका सकाळी त्यानं राऊटर उघडला. झाकणाला गरम पात्यानं गोल भोक पाडलं, पंखा बसवला आणि त्याच्या तारा आतच, चार्जरची वीज जिथे शिरते तिथे कथिलाचा डाग देऊन जोडल्या.

सालबिंग पडून बघत होती. "झालं. आता या घरात तू उघडून बघितलं नाहीस असं काहीच उरलं नाही."

"गप्प पड गं. हात हलेल माझा."

"त्या पोरानं नको म्हणून सांगितलं होतं ना?"

"त्याला काय, तो कंपनीचं बोलणार."

पंखा लागला. आवाज नाही, तापणं नाही. त्या दुपारी ऊन नुसतं आग ओकत होतं आणि मायलेकी एकमेकींशी सलग बोलत राहिल्या. मेरिदेल म्हणाली, "तातय, तू जादूगार आहेस." बेलो कान खाजवत पायरीवर जाऊन बसला. त्याला इतकं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. भोकावर जाळी बसवायची राहिली होती. उद्या बसवू, असं तो रोज म्हणत होता.

मे महिन्यातल्या एका दुपारी सालबिंगनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. शेजारची क्लेरिंग, सगळ्यांची नांग म्हणजे थोरली बहीण, पेज घेऊन आली होती, तीही तशीच परत गेली. जाताना बेलोला दारात म्हणाली, "आज तिच्याजवळच बस रे. मला तिचा रंग बरा दिसत नाही." मेरिदेल फोनवर होती. त्या दिवशी ती भाजी चिरत नव्हती, नुसती समोर बसली होती. "नानय, मी आहे हं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती.

आणि फट्ट असा आवाज झाला. डबीचे सगळे दिवे गेले. फोनवरचं चित्र थांबलं.

बेलो धावला. झाकण काढलं तर आत एक पाल मरून पडली होती, डाग दिलेल्या उघड्या तारांवर आडवी. भोकातून शिरली असणार. त्यानं ती चिमट्यानं काढली, पुसलं, पुन्हा लावून बघितलं. दिवा लागेना. चार्जरच गेला होता.

"बेलो," सालबिंगनं हाक मारली.

"थांब, थांब. लावतोच लाईन."

त्यानं पेटारा उपडा केला. जुने चार्जर, तारांचे गुंते, सगळं जमिनीवर. एकेक चार्जर उचलून तो लावून बघू लागला. एकाचं टोक बसेना, दुसऱ्याचं सैल. तिकडे लेक काय समजली असेल, हेच त्याच्या डोक्यात. तो भिंतीकडे तोंड करून उकिडवा बसला होता आणि सालबिंग त्याच्या पाठीमागे होती, दोन हातांच्या अंतरावर.

"बेलो, इकडे ये ना."

"आलो गं. झालंच. इंदाय दिसेल तुला आता."

मग एका चार्जरचं टोक बरोबर बसलं. त्यावर काय छापलंय ते वाचायला चष्मा लागला असता आणि चष्मा पायरीवर होता. त्यानं तसाच लावला. हिरवे दिवे लागले, एकामागून एक. थोड्या वेळानं उशाशी फोन वाजला आणि बेलोनं पाठमोऱ्यानंच हात लांबवून तो सुरू केला. "आली बघ!" तो म्हणाला. खुशीत म्हणाला.

"तातय," मेरिदेलचा आवाज आला. "तातय, नानयकडे बघ. नानय अशी का बघतेय?"

तो वळला.

लेक तिकडून ओरडत होती, "हलव तिला! नानय! तातय, तिला हाक मार ना!" बेलो गुडघ्यांवर तसाच होता. सालबिंगचा हात अंथरुणाबाहेर आला होता, त्याच्या दिशेनं. त्यानं तो हातात घेतला. ऊब अजून होती. त्यानं तो छातीशी धरला. आणि तेवढ्यात खोलीत जळका वास भरला. चार्जर भलत्याच दाबाचा होता. डबीतून धूर आला, मागची बांबूची चटई काळी पडू लागली. बेलोनं तार ओढून काढली आणि फोनवर मेरिदेलचं तोंड उघडं असतानाच तिचा आवाज तुटला.

त्यानंतर मिलानच्या त्या स्वयंपाकघरात ती एकटी बसून होती. हातात आईच्या चेहऱ्याचं गोठलेलं चित्र. संध्याकाळी नांग क्लेरिंगचा नवरा वळणावर जाऊन तिच्याशी बोलला, तेव्हा कुठे तिला नक्की काय ते कळलं.

जागराचे, दफनापर्यंत मयताजवळ जागायचे दिवस लोकांनीच निभावले. अंगणात पत्ते रंगले, कॉफीची पातेली चढली, रात्रंदिवस कुणी ना कुणी बसून होतं. बेलो शवपेटीजवळच्या खुर्चीत बसून राहिला. पेटीवरचा विजेचा दिवा लुकलुकत होता. सगळ्यांना वाटलं तो उठून नीट करील. तो उठला नाही.

दफनाच्या दिवशी पेटी खांद्यावर घेऊन माणसं डोंगर उतरली आणि चिंचेच्या वळणावर थांबली. तिथे रेंज होती. मेरिदेलला आईला बघायचं होतं. भर उन्हात पेटी रस्त्यावर दोन बाकांवर ठेवली, झाकण उचललं, आणि बेलो दोन्ही हातांनी फोन धरून उभा राहिला.

"तातय, हात हलतोय तुझा. नीट दिसत नाही."

त्यानं एक हात कोपरापाशी दाबून धरला. तरी हलतच होता. शेवटी नांग क्लेरिंगनं पुढे होऊन त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले आणि फोन स्थिर केला. खांदेकरी डोक्याला पंचे गुंडाळून रस्त्याच्या कडेला उभे होते, घामानं निथळत. कुणी चला म्हटलं नाही. मेरिदेलचं बघून होईपर्यंत वरून येणारी जीपनीसुद्धा इंजिन बंद करून मागे उभी राहिली.

राऊटरचं काय झालं, ते जेर्विननं येऊन बघितलं. कापलेलं झाकण, जळलेली सर्किटची पाटी, डाग दिलेल्या तारा. त्याला सगळं समजलं. खाली बसून त्यानं डबी पिशवीत घातली. "नोंग, नवीन लाईनचा अर्ज मी भरून देतो," एवढंच म्हणाला. त्याच्या गप्प बसण्यानं बेलोला जितकी लाज वाटली तितकी शिव्यांनी वाटली नसती.

मेरिदेलचे कागद झाले तेव्हा पावसाळा सरत आला होता. ती आली, बापाच्या गळ्यात पडली, आणि आईच्या थडग्यापाशी दिवसभर बसून आली. दुसऱ्या दिवशी जेवताना, सुक्या मासळीचा काटा काढता काढता तिनं विचारलं, "शेवटी ती काही बोलली का रे, तातय? मी तिकडे दिसत नव्हते तेव्हा?"

बेलोनं या प्रश्नाची कितीतरी उत्तरं तयार करून ठेवली होती. तुझं नाव घेतलं. प्रार्थना म्हणत होती. शांत झोपली. लेकीच्या तोंडाकडे बघताना त्यातलं एकही त्याच्या जिभेवर येईना.

"मला हाक मारली तिनं. दोनदा."

"मग?"

"मी थांब म्हटलं."

मेरिदेलच्या हातातला घास तसाच राहिला.

"दोन हातांवर होती, इंदाय. मी पाठ करून बसलो होतो. ये ना म्हणाली, तरी मी वळलो नाही. लाईन लावत होतो." त्याचा आवाज फुटला. "ते पोरगं उघडू नका म्हणून सांगून गेलं होतं. तीही म्हणाली होती. मी जाळीसुद्धा बसवली नव्हती."

ती उठली. ताटं उचलून मोरीवर गेली आणि घासलेलीच ताटं पुन्हा घासत बसली. बेलो जागचा हलला नाही. ती पाठमोरीच म्हणाली, "लाईन बघ, लाईन बघ म्हणून रोज तुझ्या मागे कोण लागलं होतं?"

"तसं नको म्हणू."

"एवढी डबी होत नाही का, असं म्हटलं होतं मी तुला. आठवतंय मला." तिनं ओले हात तोंडाला लावले. "मी तिथून काही न बघता नुसता आवाज जरी ऐकला असता, तरी चाललं असतं रे. नाही तर काहीच नको होतं. तू तिचा हात धरला असतास, बस."

ती पुढे आली नाही आणि त्यालाही उठून तिच्यापाशी जाता आलं नाही. दोघंही आपापल्या जागी रडत होती. बाहेर कुणीतरी बिघडलेला मिक्सर घेऊन आलं, दारातून आत बघितलं आणि न बोलता माघारी गेलं.

राहिलेले दिवस दोघं एकमेकांशी फार जपून वागली. तिनं ईबोस करून बघितले, ते सालबिंगसारखे झाले नाहीत. त्यानं चांगले झालेत म्हटलं. तिनं त्याच्या शर्टांना गुंड्या लावल्या. त्या दुपारचा विषय पुन्हा निघाला नाही, आणि तो निघाला नाही म्हणून दोघांनाही झोप लागत नव्हती.

निघायच्या दिवशी सकाळी बेलो तिची बॅग घेऊन रस्त्यापर्यंत आला. जीपनी आली, माणसं चढली, बॅग टपावर गेली, आणि इंजिन दोनदा खोकून बंद पडलं. ड्रायव्हरनं खाली उतरून झाकण उघडलं, आत डोकावला आणि हाक मारली, "नोंग बेलो! बरं झालं तुम्ही इथेच आहात. या जरा, बघा काय झालंय."

मेरिदेलनं सवयीनं बापाचा हात सोडला. लहानपणापासून असंच होत आलं होतं, सणाला, जत्रेला, शाळेच्या कार्यक्रमाला. कुणीतरी हाक मारायचं आणि तातय जायचा.

बेलो जागचा हलला नाही. त्यानं तिचा सोडलेला हात पुन्हा धरला.

"नोंग! अहो, दोन मिनिटांचं काम असेल तुम्हाला!"

"तूच बघ बाबा," बेलो म्हणाला. "माझी पोर चाललीय."

ड्रायव्हर पुटपुटत इंजिनात वाकला. आतली माणसं वाट बघत बसली, कुणी वारा घेत, कुणी केळी सोलत. रस्त्याच्या कडेला बाप आणि लेक हात धरून उभी होती. त्याला काहीतरी म्हणायचं होतं, ओठ हलत होते, पण शब्द काही येत नव्हते. मेरिदेल त्याच्याकडे बघत होती. मग तिनं कपाळ त्याच्या खांद्यावर टेकलं आणि हमसून हमसून रडायला लागली, आणि जीपनी सुरू झाली तरी दोघांपैकी कुणीच हात सोडला नाही. ड्रायव्हरनं एकदा हॉर्न वाजवला, मग तोही थांबला.

ती गेल्यावर बेलो बराच वेळ तिथेच उभा होता.